कोथिंबिरीचा पाठ

माझ्या पहिल्या पाठाच्या टाचणावर कॉलेजच्या मॅडमनी लाल शाईत एकच वाक्य लिहिलं होतं : ‘सांबार दाखवल्यावर मुलं इडली मागतील. त्याची सोय केली आहे का?’

मी ते तीनदा वाचलं. इडली कुठून आली, काही कळेना. टाचणात तर मी सरळ लिहिलं होतं. शैक्षणिक साहित्य : आलू, भेदरं, वांगं, मिरची, सांबार. पाच भाज्या. मुलासमोर एकेक धरायची, नाव विचारायचं, उत्तर आलं की शाबासकी द्यायची. शेजारी बसलेल्या मुलीला वही दाखवली. ती पुण्याचीच, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. वाचता वाचता तिनं तोंडावर ओढणी धरली.

“काकू, सांबार म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?”

“सांबार. हिरवा असते तो. भाजीवर चिरून टाकतात.”

“कोथिंबीर?”

“तेच की.”

“आणि भेदरं?”

“टमाटर.”

तिची ओढणी पुन्हा तोंडावर गेली.

आमच्या यवतमाळकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. कोथिंबीर हा शब्द मला माहीत नव्हता असं नाही. पुण्यात येऊन तेरा वर्षं झाली होती आणि हडपसरच्या बाजारात मी रोज कोथिंबीरच मागायची. पण टाचण लिहिताना मी घाबरले होते, आणि मी घाबरले की माझी भाषा मिळेल त्या एसटीत बसून यवतमाळला निघून जाते. ही सवय आजही गेलेली नाही. बँकेत सही जुळत नाही म्हणाले की मी अजूनही ‘काऊन बरं?’ असंच विचारते.

तर मी तेव्हा बी.एड. करत होते, विशेष मुलांच्या शिक्षणाचं. त्या काळात ‘मतिमंद’ हा शब्द सर्रास चालायचा, आमच्या शाळेच्या पाटीवरही तोच होता. आता तो गेला, बरं झालं. वर्षभराच्या त्या अभ्यासक्रमात पुस्तकं होतीच, पण खरा जीव होता पाठांमध्ये. ठरलेले पाठ खऱ्या मुलांसमोर घ्यायचे, मागे मॅडम वही घेऊन बसणार, आणि वर्षाच्या शेवटी एक अंतिम पाठ, बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसमोर. त्यात नापास तर सगळ्यात नापास.

माझं मूळ शिक्षण सातवी. गावातली शाळा सातवीला संपायची. पुढची शाळा नाल्यापलीकडच्या गावात होती आणि वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. दुसरीचं लग्न ठरलं, तेव्हा बाबा म्हणाले, एकटी कशी जाशीन? झालं, शाळा संपली. कुणी काही वाईट केलं नाही, कुणी रडलंही नाही. मीसुद्धा नाही, कारण मला गणिताची भीती होती आणि ती सुटली याचाच आनंद जास्त झाला. पुढे लग्न झालं, नवरा हडपसरला कारखान्यात फिटर, म्हणून मी हडपसरला. घराजवळच एका बंगल्याच्या तळमजल्यावर ही शाळा भरायची. तिथे मावशी हवी होती. मुलांना बाथरूमला नेणं, डबे भरवणं, तोंडं पुसणं, बसमधून उतरवून घेणं. मी मावशी झाले.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, दोन वर्षं मला नुसतं पाहिलं. मग एक दिवस म्हणाल्या, “तुम्ही त्या मुलाला बूट घालायला शिकवलंत?”

मला वाटलं, चूक झाली. “सॉरी बाई, त्याच्या आईला घाई असते, म्हणून...”

“सॉरी काय? वर्गातल्या बाई सहा महिने तेच शिकवतायत. तुम्ही कसं केलंत?”

मी सांगितलं, मी काही केलं नाही. आधी सगळा बूट मीच घालायची आणि शेवटचा बंद तेवढा त्याला ओढू द्यायची. तो जमला की त्याच्या आधीचं काम त्याचं. असं मागून मागून येत पायापर्यंत आलो.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. “याला पुस्तकात नाव आहे. कामाचे टप्पे पाडायचे आणि शेवटच्या टप्प्यापासून उलटं शिकवायचं. लोक यासाठी परीक्षा देतात.” आणि त्याच आठवड्यात त्यांनी मुक्त विद्यापीठाचा फॉर्म माझ्यापुढे ठेवला. त्यांनी माझ्यावरही तोच प्रयोग केला असं मला आता वाटतं. आधी पूर्वतयारीची परीक्षा, मग बी.ए.चं एकेक वर्ष. दर वेळी एवढाच बंद ओढा म्हणाल्या. पूर्ण बूट दिसला असता तर मी पळूनच गेले असते.

बी.एड.च्या प्रवेशाला गेले त्या दिवशी खिडकीमागच्या कारकुनांनी कागद चाळले.

“बारावीचं मार्कशीट?”

“नाही.”

“नाही म्हणजे आणलं नाही, की नाहीच?”

“नाहीच.”

“दहावी?”

“तेही नाहीच.”

“म्हणजे डायरेक्ट पदवी! आमच्या वेळी असल्या सोयी नव्हत्या हो.”

माझ्याही वेळी नव्हत्या, असं म्हणावंसं वाटलं, पण मी घाम पुसत मोठ्या बाईंनी दिलेलं परिपत्रक पुढे सरकवलं. ते परिपत्रक, पदवीचा दाखला आणि रेशनकार्ड मी त्यानंतर वर्षभर प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून रोज कॉलेजला नेत होते. कुणीतरी वर्गाच्या दारात येऊन ‘सातवीवाल्या बाई कोण?’ असं विचारील, याची तयारी. कुणी विचारलं नाही. फोल्डर शेवटी एका मुलीनं पावसात डोक्यावर धरायला नेला.

कॉलेज येरवड्याच्या पुढे. हडपसरहून बस बदलून जावं लागे. पहिल्या दिवशी कंडक्टरला म्हटलं, “एक येरवडा द्या.”

“आत जायचंय की बाहेरच?”

तुरुंगावरचा विनोद आहे हे कळायला मला पुढचा थांबा लागला. पण दुसऱ्या दिवशी तोच कंडक्टर भेटला, तेव्हा मी म्हटलं, “बाहेरच. अजून निकाल लागायचाय.” तो इतका हसला की त्यानंतर मला बघितलं की म्हणायचा, “काय ताई, तारीख पुढे गेली?” पुण्यातलं माझं पहिलं बरोबर दिलेलं उत्तर ते. फार बळ आलं होतं.

घरी नवरा पहिली पाळी करून यायचा आणि कुकर लावायचा. गावाहून भावाचा फोन यायचा. “काय वं बाई, मास्तरीण होऊन राहिली म्हणते! मंग आता आमाले छड्या मारशीन का?” आणि मग लगेच आवाज बदलून, “तब्येत पाय पण,” म्हणजे जप. माझ्यावर उपकार करणाऱ्यांची यादी मोठी आहे. त्यातला एकही माणूस गोड बोलणारा नव्हता, हे आता लिहिताना लक्षात येतंय.

सराव पाठांसाठी मला माझीच शाळा मिळाली आणि माझ्या वाट्याला आली आमची सरपंच.

सरपंच म्हणजे पंधरा वर्षांची एक मुलगी. डाऊन्स सिंड्रोम असलेली, ठेंगणी, दोन घट्ट वेण्या, आणि खुर्चीत अशी बसायची की समोरच्यानं अर्ज घेऊनच यावं. डब्याच्या वेळी ती रांग लावायची, पाणी सांडलं तर सांडणाऱ्यालाच फडकं आणून द्यायची. नाव आम्ही शाळेतल्यांनी ठेवलं होतं आणि तिला ते मान्य होतं. पण वर्गात प्रश्न विचारला की तोंड बंद. तिच्या फाइलमध्ये लिहिलं होतं, ‘वस्तूंची नावे सांगत नाही.’ माझ्या टाचणातलं उद्दिष्ट होतं, ‘विद्यार्थिनी पाच भाज्यांची नावे सांगेल.’ अंतिम पाठही याच विद्यार्थिनीवर, याच विषयाचा. म्हणजे ती बोलली तर मी पास.

त्यात शाळेतल्या एक बाई नवऱ्याच्या बदलीमुळे जूनमध्ये सोडून जाणार होत्या. मोठ्या बाईंनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं, “जागा मी तुमच्यासाठी धरून ठेवीन, पण निकालापर्यंतच. निकाल नसला तर मला दुसरं कुणी घ्यावं लागेल आणि तुम्ही मावशीच राहाल. मला वाईट वाटेल, पण मी घेईन.” मी बरं म्हणून बाहेर आले आणि सरपंचाच्या वेण्या बघत बसले. माझं सगळं त्या बंद तोंडात होतं.

पहिल्या पाठाला मी नव्याने लिहिलेलं टाचण घेऊन गेले. शब्द सगळे सुधारलेले. मॅडम मागच्या बाकावर. त्या बारीक चणीच्या, सुती साडी, कधीही आवाज न चढवणाऱ्या. आवाज न चढवता माणूस किती घाबरवता येतो, हे मी त्यांच्याकडे शिकले. कॉलेजात तेव्हा कम्प्युटरचं नवं वेड होतं, म्हणून मी सायबर कॅफेत जाऊन भाज्यांची रंगीत चित्रं छापून आणली होती, पुठ्ठ्यावर चिकटवून वर प्लॅस्टिक लावलेलं. पहिलं चित्र सरपंचासमोर धरलं.

“हे काय आहे?”

तिनं चित्राकडे पाहिलं. पुठ्ठा हातात घेतला, उलटा करून पाहिला.

“कागूद हाय.”

दुसरं धरलं.

“ह्ये बी कागूद.”

पाचही कागदच निघाले. मी शाबासकी द्यावी की नाही, तेच कळेना. पाठ संपल्यावर मॅडम जवळ आल्या. मी वही पुढे केली. त्या म्हणाल्या, “पाचपैकी पाच उत्तरं बरोबर आहेत. प्रश्न चुकले.” आणि निघून गेल्या.

पुढच्या पाठाला खऱ्या भाज्या नेल्या. टोमॅटो धरला. “हे काय आहे?”

सरपंचानं माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच काळजी वाटली. “तुला म्हाईत न्हाय व्हय?”

“मला माहीत आहे. तू सांग.”

“म्हाईत हाय तर इचारती कशाला?”

मागच्या बाकावरून खोकल्याचा आवाज आला. मॅडम खोकत नसत. त्या पाठाच्या शेऱ्यात लिहिलं होतं, ‘विद्यार्थिनीची शंका रास्त आहे. शिक्षिकेने निरसन करावे.’

हे निरसन कसं करायचं, याचा मी पंधरा दिवस विचार केला. बसमध्ये, कुकरच्या शिट्ट्या मोजताना. एरवी माझ्या वर्गमैत्रिणी मला उत्तरं सांगायच्या. इंग्रजी पुस्तकातला परिच्छेद त्यांनी वाचायचा, मला मराठीत सांगायचा, आणि मी त्यांना मूल घाबरून कपडे खराब करतं तेव्हा काय करायचं ते दाखवायचं, असा आमचा सौदा होता. पहिल्यांदा असं झालं तेव्हा सगळ्या जणी व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या होत्या. वर्षाच्या शेवटी एकही गेली नाही. पण ‘माहीत असताना का विचारता?’ याचं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं. एक म्हणाली, “काकू, आमची पण अख्खी शाळा यातच गेली. आम्ही कधी विचारलंच नाही.”

उत्तर मिळालं ते गृहभेटीत. अभ्यासक्रमाचा भागच होता तो. मुलाच्या घरी जायचं, बघायचं, लिहायचं.

सरपंचाचं घर हडपसरच्या जुन्या गावठाणाच्या कडेला. मूळचे शेतकरी. जमीन बरीचशी कंपन्यांच्या इमारतींना गेली होती. घर दुमजली, दारात मोठी गाडी, आणि घरामागे काचेच्या दोन उंच इमारतींच्या मध्ये एक हिरवा तुकडा. त्यात कोथिंबीर. नुसती कोथिंबीर. वरून काचांमागे माणसं कम्प्युटरवर बसलेली आणि खाली वाफ्यात सरपंच उकिडवी बसून काढणी करत होती.

“या बाई,” तिची आई म्हणाली. “गरज न्हाय आता पिकवायची, पर हिच्या आपांस्नी करमत न्हाय. आन् हिला बी.”

मी उभी राहून बघत होते. सरपंच मूठभर काडी उपटायची, मुळं झटकायची, हातात तोलायची, कमी वाटली तर दोन काड्या वाढवायची, काथ्याचा वेढा, गाठ, आणि गड्डी टोपलीत. एकही गड्डी दुसरीपेक्षा लहानमोठी नाही. आणि तोंड एक क्षण बंद नाही.

“आये, ही पिवळी हाय, टाकू? आये, आपा कुटं गेलं? आये, ह्या बाई उभ्या का? पोतं दे की बसाया.”

“घरी बोलते का एवढी?” मी विचारलं.

“बोलतीया? डोस्कं उठवतीया! साळंत गप ऱ्हाती व्हय?” आईला खरंच आश्चर्य वाटलं. “आवं, मागल्या आठवड्यात येक शेजारीण म्हनली कोथमीर वाईच कमी वाटतीया, तर हिनं तिला गड्डी सोडून काड्या मोजून दावल्या.”

मी पोत्यावर बसले. सरपंचानं माझ्या हातात काथ्या दिला. पहिली गाठ मी मारली ती सुटली. तिनं काथ्या परत घेतला. स्वतः वेढा घातला, अर्धी गाठ मारली, आणि शेवटचं टोक माझ्या हातात दिलं. ओढ, म्हणून खूण केली.

मी ओढलं. बूट, बंद, सगळं आठवलं. वहीत मात्र मी एवढंच लिहिलं : ‘घरी विद्यार्थिनी विक्रेत्याच्या भूमिकेत असते. शाळेत आपण तिला परीक्षार्थी करतो.’ या वाक्याखाली मॅडमनी लाल रेघ मारली होती. चूक असल्यावर त्या दोन रेघा मारत, म्हणून ही एक रेघ मी किती तरी दिवस बघत होते.

मग मी प्रश्न विचारणं बंद केलं. वर्गात दुकान मांडलं. टेबल आडवं टाकलं, टोपल्या लावल्या, सरपंच पलीकडे, मी अलीकडे पिशवी घेऊन. आता मला खरंच काहीतरी हवं होतं, म्हणून विचारणं रास्त होतं. मी म्हणायची, “काय काय आहे ताजं?” आणि ती एकेक उचलून सांगायची. “वांगी. बटाटं. टमाटी. मिरची, लई तिखट हाय, तुला झेपायची न्हाय. कोथमीर.”

माझ्या निरीक्षण तक्त्यात रकाना होता, ‘अचूक प्रतिसाद.’ मी ‘कोथमीर’पुढे पेन्सिल धरून थांबले. पुस्तकात कोथिंबीर. बरोबरची खूण करू की अर्धी? मॅडमकडे गेले.

“मॅडम, कोथमीर चालेल का?”

“कुणाला?”

“म्हणजे... गुणांना.”

“तिच्या घरी काय म्हणतात?”

“कोथमीर.”

“ती मोठी होऊन कुठे विकणार, तिच्या गावात की माझ्या घरात?”

मी खूण केली. दारापर्यंत गेले, तेव्हा मागून आवाज आला, “आणि सांबार मात्र तुमच्या घरी. पाठात नको.”

अंतिम पाठाच्या दिवशी मी पहाटेपासून तीन वेळा पिशवी तपासली. वांगी, बटाटे, टोमॅटो, मिरच्या, कोथिंबीर. नवऱ्यानं चहा पुढे ठेवला आणि म्हणाला, “काय करून राहिली? भाज्या पळत नाहीत.” शाळेत चालत जाताना मी मनात एकच शब्द घोकत होते : कोथिंबीर, कोथिंबीर. आज वाटतं, तिथेच घोळ झाला. जो शब्द नको, तोही सोबत घोकला जातो.

परीक्षक सर उंच, पांढऱ्या मिशा, हातात शाईचं पेन. आदल्या दिवशी दोघींना त्यांनी अर्ध्यात थांबवलं होतं, ही बातमी माझ्यापर्यंत पोचवायला चार जणी धावत आल्या होत्या. सर मागच्या बाकावर बसले, शेजारी मॅडम. दाराच्या फटीतून मोठ्या बाईंची साडी दिसत होती. सरपंच टेबलापलीकडे नव्या रिबिनी बांधून उभी. आईनं खास नटवून पाठवली होती.

सुरुवात चांगली झाली. “काय ताजं आहे?” म्हटल्यावर तिनं वांगी सांगितली, बटाटं सांगितलं, टमाटी उचलून दाबून दाखवली. मिरचीला नेहमीचा टोमणा मारला. सरांचं पेन चालत होतं. चार झाली. आता एकच. मी पिशवी पुढे केली, परीक्षकांकडे डोळा गेला, त्यांनी नेमकी त्याच क्षणी मान वर केली, आणि माझी भाषा एसटीत बसली.

“बरं, मले सांबार देऊन द्या जरासा.”

मला माझा आवाज ऐकू आला. मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं, पण कोथिंबीर हा शब्द मिळेचना. वाटभर घोकलेला, टाचणात चार ठिकाणी लिहिलेला. गेला तो गेलाच.

सरपंचानं टेबलावर दोन्ही हात ठेवले.

“सांबार न्हाय हितं.”

मी पिशवी पुढेच धरून ठेवली.

“सांबार हाटेलात.” ती समजुतीनं म्हणाली. एखाद्या नव्या मुलाला पाण्याचा नळ कुठे आहे ते सांगावं, तशी. मग तिनं कोथिंबिरीची गड्डी उचलली, टेबलाला वळसा घालून माझ्यापुढे आली आणि गड्डी माझ्या नाकासमोर धरली. बरोबर त्याच उंचीवर, जिथे मी पुठ्ठे धरायची.

“ही कोथमीर. म्हन.”

मी गड्डीकडे बघून मान हलवली.

“म्हन, कोथ...” ती थांबली. अर्धा शब्द देऊन थांबायचं, हेही मीच करायची.

“...मीर,” मी म्हटलं.

“शाब्बास!” तिनं माझा हात धरून स्वतःच त्यावर टाळी दिली. मग गड्डी पिशवीत टाकली, पुन्हा काढली, वास घेतला आणि नाक मुरडलं. “बाशी हाय. कुटनं आनली?”

मागच्या बाकावर काय चाललंय, ते बघायची माझ्यात हिंमत नव्हती. फक्त दाराच्या फटीतली साडी थरथरत होती. मोठ्या बाई हसत होत्या की रडत होत्या, त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

पाठ संपला. सरपंचाला तिची आई घेऊन गेली. मी तोंडी परीक्षेला सरांसमोर बसले. ते बराच वेळ लिहीत होते. मग म्हणाले, “पाठ कुणी घेतला?”

“मी, सर.”

“टाचणावर तुमचं नाव आहे, म्हणून विचारलं.” त्यांनी पेनचं टोपण लावलं. “शिक्षकानं मुद्दाम चूक करायची आणि विद्यार्थ्याला ती सुधारू द्यायची, असं एक तंत्र आहे. वाचलंय?”

“हो सर.”

“फार कमी जण ते धाडसानं वापरतात. तुम्ही सांबार मुद्दाम म्हणालात?”

मॅडम समोरच होत्या. त्यांचा चेहरा कोऱ्या कागदासारखा. एक ‘हो’ म्हटलं की जागा माझी. मला ते स्पष्ट दिसत होतं. आणि हेही दिसत होतं की समोर धरलेला पुठ्ठा उलटा करून पाहणारी मुलगी आत्ताच या खोलीतून गेली होती.

“नाही सर. मी घाबरले होते. आमच्याकडे सांबार म्हणतात. कोथिंबीर हा शब्दच आठवेना.”

“आणि आता?”

“आता कोथमीर आठवते.”

सर मिशीत हसले, की मला तसं वाटलं. “तिला अर्धा शब्द देऊन थांबायला कुणी शिकवलं?”

“शिकवलं नाही, सर. मी करायची, ती बघत असेल.”

“म्हणजे शिकवलं,” ते म्हणाले आणि पुन्हा टोपण काढून काहीतरी लिहिलं.

बाहेर व्हरांड्यात मॅडम मला गाठून म्हणाल्या, “हो म्हणाला असतात तर दोन गुण जास्त मिळाले असते.” मी मान खाली घातली. “मी मात्र दोन कमी केले असते. तेव्हा हिशेब तोच.” आणि पहिल्यांदाच माझ्या खांद्याला हात लावून पुढे गेल्या. अर्धा सेकंद. मी त्या खांद्याची पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली, उगाच.

निकाल लागला. पास. प्रथम श्रेणी थोडक्यात हुकली, पण सातवीला माझी कुठली श्रेणी होती तेही मला आठवत नाही. कंडक्टरला सांगितलं, तर त्यानं भर बसमध्ये जाहीर केलं, “ताई सुटल्या!” दोन म्हाताऱ्या माझ्याकडे संशयानं बघत सरकून बसल्या. भावाला फोन केला. तो म्हणाला, “खरंच का वं?” आणि तेच त्यानं आणखी तीनदा विचारलं. बिल चढत होतं तरी.

जूनच्या पहिल्या दिवशी मी बाई म्हणून वर्गात उभी राहिले. नवी साडी, हातात हजेरी. मुलांनी सवयीनं हाका मारल्या, “मावशी, शू!” मी हजेरी ठेवून दोघांना घेऊन गेले. नवी मावशी अजून मिळायची होती. मिळाल्यावरही जातच राहिले, कारण बाथरूमच्या वाटेवर मुलं जे बोलतात ते वर्गात बोलत नाहीत.

परत आले तर सरपंच माझ्या टेबलाशी उभी. हातात इंग्रजी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. कागद तिनं सोडला. आत ओली, मुळांसकट, काथ्यानं बांधलेली गड्डी. वासानं वर्ग भरून गेला.

“अगं, कशाला आणलीस? काय आहे हे?” माझ्या तोंडून गेलंच. पुन्हा तोच प्रश्न.

तिनं आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंड अगदी गंभीर. गड्डी माझ्या नाकासमोर धरली.

“सांबार,” ती म्हणाली, आणि तिला स्वतःलाच इतकं हसू आलं की रिबिनी सुटेपर्यंत हसत राहिली.